शंभरावं युनिट आणि एकशेएकावं

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दारोदारी आकाशकंदील लागलेले असतील. गॅलरीत माळा, स्वयंपाकघरात चकलीच्या भाजणीपासून नारळाच्या वाटणापर्यंत दिवसभर फिरणारा मिक्सर. या सगळ्याचं बिल महिनाभराने येईल आणि बहुतेक घरांत त्यावरचा शेवटचा आकडा तेवढा पाहिला जाईल.

बिल सबंध वाचायला हवं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. महावितरणच्या २०२४-२५च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता. एकशेएकाव्या युनिटाला तोच १० रुपये २९ पैसे. चंद्रपूरच्या वीज केंद्रात दोन्ही युनिटांसाठी कोळसा मात्र सारखाच जळला. दर ठरतो तो वीज बनवण्याच्या खर्चावर कमी आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर जास्त.

दोन दिवे आणि एक पंखा चालवणाऱ्या घराला वीज स्वस्त मिळालीच पाहिजे. पण त्या सवलतीचा मोठा वाटा कारखान्यांच्या आणि दुकानांच्या दरात मिसळून वसूल होतो, हे बरोबर नाही. सवलत सरकारने तिजोरीतून द्यावी आणि बिलावर वेगळ्या ओळीत छापावी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४पासून मोफत वीज मिळते, त्याचा खर्च निदान राज्याच्या अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर विधानसभेत वाद घालता येतो.

वेळेचाही प्रश्न आहे. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते तेव्हा वीज बाजारातला भाव पडतो. सूर्य मावळून घरोघरी दिवे लागले की तो चढतो. जुलै २०२५पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंतच्या वापरावर सवलत मिळू लागली. पाऊल लहान आहे, दिशा योग्य आहे.

खरी किंमत मात्र बिलाबाहेरच राहते. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. त्याचा धूर आणि राख चंद्रपूरकरांच्या वाट्याला, उजेड सगळ्या राज्याला. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड रोखण्याचे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५मध्ये काढले. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक संचांना त्यातून सूटच मिळाली. यंत्रणा बसली असती तर तिचा खर्च दरात आला असता. आता तो दवाखान्यात भरला जाईल.

कोयनेची वीज स्वस्त म्हणून नावाजली जाते. त्या धरणासाठी घरदार सोडलेल्यांना साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनं करावी लागली. तो खर्च कुठल्याही दरपत्रकात नाही.

दरनिश्चितीच्या प्रस्तावावर वीज नियामक आयोग सूचना-हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे सामान्य ग्राहकालाही बोलता येतं. पुढची सुनावणी जाहीर होईल तेव्हा वाचकांनी आपली हरकत जरूर नोंदवावी, आणि तिच्यात चंद्रपूरच्या हवेबद्दलही लिहावं.