पेटीतले शाही अजगर

'अजगर' हा शब्द संस्कृतातून मराठीत आला. अज म्हणजे बकरा. बकऱ्याला गिळणारा तो अजगर. ह्या अर्थामुळे अजगराचे नाव काढताच झाडाच्या खोडाएवढा जाड, सुस्त आणि भयंकर असा प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागांतील गवताळ प्रदेशांत ह्याच कुळातील एक असा अजगर राहतो की, बकरा तर राहोच, घुशीहून मोठे भक्ष्य त्याला सहसा झेपत नाही. त्याची लांबी तीन ते पाच फूट. अंगावर काळपट तपकिरी रंग व त्यावर सोनेरी ठिपक्यांची नक्षी. संकट आले की तो फणा काढत नाही, की फूत्कार टाकून अंगावर येत नाही. तो अंगाचे घट्ट वेटोळे करतो, डोके त्या वेटोळ्याच्या मध्यभागी लपवतो आणि चेंडूसारखा निश्चल पडून राहतो. ह्या सवयीवरून अमेरिकेत त्याला 'बॉल पायथन' असे नाव पडले. ब्रिटनमध्ये मात्र त्याला शाही अजगर म्हणतात. इजिप्तची राणी क्लिओपात्रा हा सर्प कंकणासारखा मनगटात घालत असे, अशी एक कथा ह्या नावाच्या समर्थनार्थ सांगितली जाते. कथा बहुधा रचलेली असावी. पण १८०२ साली जॉर्ज शॉ ह्या निसर्गशास्त्रज्ञाने ह्या सर्पाला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातही राजवैभवाचा अर्थ आहेच.

असा हा भित्रा, बिनविषारी आणि देखणा सर्प आज जगातील हजारो घरांत पेटीमध्ये राहतो. काही शौकिनांच्या घरी एक-दोन नव्हे, तर पन्नास-पन्नास, शंभर-शंभर अजगरांचे संग्रह आहेत. हा छंद योग्य की अयोग्य, ह्याविषयी दोन्ही बाजूंनी मोठ्या आवेशाने बोलले जाते. ह्या वादाचा विचार करण्यापूर्वी तो सर्प मूळचा कसा राहतो, हे पाहणे बरे.

उंदीर-घुशींनी सोडलेली बिळे आणि वाळवीची वारुळे ही त्याची घरे. दिवस तो तेथे काढतो व रात्री भक्ष्य शोधण्यास बाहेर पडतो. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांच्या योगाने गरम रक्ताच्या प्राण्याची ऊब त्याला अंधारातही कळते. शेतातील उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे हितच करतो. बेनिन देशातील विदा गावी ह्या अजगरांचे एक मंदिर आहे. मंदिरातील एखादा सर्प भटकत कोणाच्या घरात शिरला, तर घरधनी काठी घेऊन धावत नाही. तो त्याला उचलून आदराने परत पोहोचवतो. नायजेरियातील इग्बो लोकांतही हा सर्प पूज्य मानला जातो. चुकून कोणाच्या हातून तो मारला गेला, तर शवपेटी करून त्याचे रीतसर दफन करण्याची तेथे चाल आहे.

अशा ह्या प्रदेशातूनच तो परदेशी बाजारात जातो, हा दैवदुर्विलास होय. १९७५ सालानंतर पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांहून अधिक जिवंत शाही अजगर निर्यात झाले आहेत. घाना, टोगो आणि बेनिन ही ह्या व्यापाराची मुख्य केंद्रे. कोरड्या ऋतूच्या अखेरीस पारधी बिळे खणून गाभण माद्या व अंडी गोळा करतात. व्यापाऱ्याच्या वाड्यात ती अंडी उबवली जातात आणि पिल्ले जहाजाने नव्हे, विमानाने रवाना होतात. माद्या व काही पिल्ले पुन्हा रानात सोडावीत, असा नियम आहे. पण सोडलेले प्राणी जगले की मेले, हे पाहण्यास त्यांच्यामागून कोण जाणार? मांसासाठी, कातड्यासाठी व औषधासाठीही हा सर्प मारला जातो. २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राण्यांत केली.

ह्या व्यापाराची एक वाट मुंबईपर्यंतही येते. २०२३ सालच्या डिसेंबरात बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या पुडक्यांतून दडवलेले अकरा सर्प मुंबईच्या विमानतळावर महसूल गुप्तचर खात्याने पकडले. त्यांतील नऊ शाही अजगर होते. भारतीय अजगर पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, म्हणून परदेशी अजगराकडे शौकीन वळतात. २०२२ साली ह्या कायद्यात दुरुस्ती झाली; आता अशा परदेशी प्राण्यांची व त्यांच्या पिल्लांचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. पुडक्यात कोंबलेल्या प्राण्याला ह्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. नोंदीच्या सक्तीमुळे पुडके विकत घेणारा तरी दचकेल, एवढे उत्तर देता येते.

आता पाळणाऱ्यांची बाजू. ती न ऐकताच निकाल देणे अन्यायाचे होईल. मांजर भुकेले झाले तर ओरडते, कुत्रा दुखले तर कण्हतो. अजगर ह्यांपैकी काहीच करत नाही. त्याचे सुखदुःख त्याच्या वागणुकीतील बारीकसारीक बदलांवरून ओळखावे लागते. पेटीची एक बाजू बत्तीस अंशांपर्यंत उबदार व दुसरी त्याहून थंड ठेवावी लागते, कारण हा प्राणी शरीराची उष्णता स्वतः राखू शकत नाही. तो ऊब हवी तेव्हा इकडे व थंडावा हवा तेव्हा तिकडे सरकतो. हवा कोरडी झाली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते व डोळ्यांवरील पापुद्रा चिकटून राहतो. चांगला पाळणारा गोठवलेला उंदीर कोमट करून आठवड्या-पंधरवड्याने चिमट्याने पुढे धरतो. एवढे करूनही कित्येकदा हा सर्प महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाही. विणीच्या हंगामात तर असा उपवास ठरलेलाच. नवखा मनुष्य घाबरून जातो. जाणता मनुष्य वजनाची वही काढतो, आकडे ताडून पाहतो आणि वाट पाहतो. ह्या चिकाटीचे मोल कमी लेखू नये.

मादी सरासरी सहा अंडी घालते. ती पांढरी, चामड्यासारख्या कवचाची व एकमेकांना चिकटलेली असतात. मादी त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने अन्नावाचून बसते. भारतीय अजगराची मादी अशा वेळी स्नायू सारखे आकुंचित करून अंड्यांना ऊब देते. शाही अजगराच्या मादीला ती कला अवगत नाही. तिच्या वेटोळ्यामुळे अंडी सुकत नाहीत, हाच तिचा उपयोग. संग्राहक बहुधा अंडी काढून घेऊन उबवण्याच्या पेटीत ठेवतात. साठ दिवसांच्या आसपास पिल्लू नाकाच्या टोकावरील दाताने कवच चिरते, डोके बाहेर काढते आणि तसेच एक-दोन दिवस जगाकडे पाहत राहते.

येथवर तक्रारीस जागा नाही. तक्रार सुरू होते ती रंगापासून. १९९२ साली अमेरिकेत बंदिवासातील शाही अजगरांच्या अंड्यांतून पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे, लाल डोळ्यांचे पिल्लू निघाले. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली वाटाण्याच्या रोपांविषयी जे नियम प्रसिद्ध केले, तेच येथे लागू पडले. रंगाचा हा गुण अप्रभावी आहे. दिसण्यात साधे, पण तो गुण पोटात बाळगणारे नर-मादी एकत्र आले, तर सरासरी चारांतील एक पिल्लू तसे निपजते. मग काय विचारता! पिवळे, करडे, शुभ्र, चट्ट्यांचे, पट्ट्यांचे असे शेकडो प्रकार निर्माण झाले. नवा प्रकार हजारो डॉलरांना विकला जाऊ लागला, आणि त्याची पिल्ले वाढताच किंमत उतरून पुन्हा नव्याचा शोध सुरू झाला. संग्रह वाढू लागले व पेट्यांची जागा कपाटातील खणांनी घेतली. खणात जुने वर्तमानपत्र, पाण्याचे भांडे आणि सर्प. एकावर एक असे दहा-दहा खण.

खणाचे समर्थक म्हणतात की, हा बिळात राहणारा प्राणी; त्याला अंधारी व अरुंद जागाच आवडते. ह्यात अर्धे सत्य आहे. बीळ अरुंद असते खरे, पण त्याला तोंड असते, आणि रात्री त्या तोंडातून बाहेर पडता येते. नायजेरियात केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ह्या जातीचे नर झाडांवरही चढतात आणि पक्षी धरून खातात. ज्या प्राण्याला झाड चढता येते, त्याला निदान आपले अंग सरळ लांब करता येईल एवढी जागा द्यावयास नको काय? शंभर सर्पांना एवढी जागा देणे परवडत नाही, हे उत्तर प्रामाणिक आहे. पण ते सर्पाच्या स्वभावाविषयीचे उत्तर नव्हे, मालकाच्या सोयीविषयीचे आहे.

शिवाय हा प्राणी फार जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ साली एका गृहस्थाने एक शाही अजगर दिला. २०२० सालच्या जुलै महिन्यात, म्हणजे निदान बासष्टाव्या वर्षी, त्या मादीने सात अंडी घातली. आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तिचा नराशी संबंध आलेला नव्हता! घरात वीस-तीस वर्षे हा सर्प सहज काढतो. बारा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणलेला अजगर तो मुलगा चाळिशीला येईपर्यंत सोबत असू शकतो, ही गोष्ट विकणारा क्वचितच सांगतो.

परंतु सर्वांत गंभीर गोष्ट 'स्पायडर', म्हणजे 'कोळी' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराची आहे. ह्याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा असतात. हा गुण प्रभावी असल्यामुळे एकाच पालकाकडूनही पिल्लात उतरतो. दिसण्यात तो अतिशय मोहक. पण त्याचे डोके सतत डुलते, मान वळून वर-खाली होते, उलटा पडला तर सरळ होताना तो चाचपडतो आणि उंदरावर झेप घेतली तर नेम चुकतो. पुष्कळ वर्षे ह्याला नुसते 'डोलणे' असे गोड नाव देऊन विषय टाळला गेला. २०२२ साली जर्मनीतील संशोधकांनी अशा सर्पांच्या कवटीची सूक्ष्म छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी इंद्रिये विकृत असल्याचे स्पष्ट दिसले. रंग आणि व्यंग एकत्रच उतरत आले आहेत. पिढ्यान् पिढ्या निवड करूनही रंग ठेवून व्यंग काढून टाकणे कोणा संग्राहकाला साधले नाही.

तरीही समर्थक म्हणतात, तो खातो, वाढतो, अंडी घालतो; मग त्याला दुःख आहे कशावरून? खाणे आणि वीण ह्या तर अत्यंत हालात जगणाऱ्या प्राण्यांतही चालू राहतात. ज्याला आकाश कोणते व जमीन कोणती हे कळत नाही, त्याच्या जगण्याची परीक्षा वजनाच्या वहीवरून करता येत नाही. मेंडेलचे नियम इतक्या कौशल्याने वापरणाऱ्या लोकांना हे समजत नसेल, असे मानणे कठीण आहे. ब्रिटनमधील सर्पप्रेमींच्या एका संस्थेने २०१८ पासून आपल्या प्रदर्शनांत ह्या प्रकाराची विक्री बंद केली, आणि हा निर्णय बाहेरच्या टीकाकारांनी नव्हे, पाळणाऱ्यांनीच घेतला, हे विशेष.

जन्मास आलेल्या अशा सर्पांना मारून टाकावे, असे कोणी म्हणत नाही. त्यांची जोडी लावू नये, एवढेच मागणे आहे. त्यांच्या पेटीत उंच फांदी ठेवू नये, कारण ते पडतात. भक्ष्य जिवंत सोडू नये. मेलेला उंदीर चिमट्याने अगदी तोंडाशी धरावा आणि झेप दोनदा-तीनदा चुकली तरी हात स्थिर ठेवावा.