दीड वाजताचा उपग्रह

उपग्रहाला कसं चकवायचं, हे आम्हा फौजींना वेगळं सांगावं लागत नाही. मे १९९८च्या पोखरण चाचण्यांची तयारी ५८ इंजिनिअर रेजिमेंटने रात्रीच्या अंधारात केली. उजाडायच्या आत यंत्रं पुन्हा जागच्या जागी, म्हणजे वरून बघणाऱ्याला काही हललंय अशी शंकाच येऊ नये. अमेरिकेला कळलं ते स्फोट झाल्यावर. वरचा डोळा किती वाजता येतो हे माहीत असलं की बाकीचा वेळ आपला!

हीच युक्ती आता पंजाबच्या शेतात पोचली आहे.

पंजाबात पोस्टिंग झालेल्या कुणालाही नोव्हेंबरची ती पिवळट संध्याकाळ विसरता येत नाही. भूजल वाचावं म्हणून २००९च्या कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये ढकलली. त्यामुळे कापणीही लांबली. कंबाईन दाणे काढून घेतो आणि धसकटं, पेंढा शेतातच सोडतो. गव्हाच्या पेरणीला हातात जेमतेम तीन आठवडे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काडी लावणं.

या आगी सुओमी एनपीपीसारख्या उपग्रहांवरून मोजतात. ते आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. त्यांच्यावरचं उपकरण ३७५ मीटरच्या चौकोनात उष्णता पकडतं आणि नकाशावर एक ठिपका उमटतो. पंजाबातले असे ठिपके २०२३च्या हंगामात ३६,६६३ होते, २०२४मध्ये १०,९०९. सत्तर टक्के घट! कागदावर लढाई जिंकलीच की.

पण त्याच हंगामात नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या जीके-२ए उपग्रहाची चित्रं समोर ठेवली. हा उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी राहून दर दहा मिनिटांनी बघतो. त्याला दिसलं, की दीडचा उपग्रह गेल्यावर, दुपार कलताना शेतं पेटताहेत. सगळी घट खोटी आहे असं मी म्हणत नाही. यंत्रं आली, काही गावांनी जाळणं खरंच थांबवलं. पण त्यातली खरी किती, हे ठिपक्यांवरून ठरत नाही.

धुराचं मोजमाप तर आणखी अवघड. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतला सगळा गढूळपणा एकत्र बघतो. तो धूर दोन किलोमीटर वर आहे की आपल्या नाकाशी, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. दाट धूर कधी ढग किंवा धुकं समजून वगळलाही जातो. १८ नोव्हेंबर २०२४ला दिल्लीचा हवा निर्देशांक ४९४ होता. त्यात गाड्या, कारखाने, बांधकामाची धूळ यांचाही वाटा होताच. पण ठिपके कमी झाले म्हणून कुणाचा श्वास मोकळा झाला नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ठिपके मोजणं पुरे, जळलेलं क्षेत्र मोजा. आग तासाभरात विझते, काळं पडलेलं शेत नांगरेपर्यंत लपत नाही. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी दहा मीटरच्या बारकाईने ते दाखवतो. जोडीला एका जागी थांबून बघणारे उपग्रह आणि जमिनीवरची हवामापन केंद्रं घ्या. फौजेत एकाच टेहळणी चौकीच्या रिपोर्टवर कुणी हल्ल्याचा बेत आखत नाही.

दुसरं म्हणजे, शेतकऱ्याला शत्रू करू नका. २०२४मध्ये दंड तीस हजारांपर्यंत नेला, जमिनीच्या नोंदीत लाल शेरे पडले. ज्याच्यावर पाळत ठेवाल तो लपायला शिकणारच. ही माणसं कोण? माझ्या जवानांचे वडील आणि काका. पेरणीच्या आठवड्यात वेळेवर भाड्याने मिळणारं यंत्र त्यांना जेवढं थांबवेल, तेवढा दंड थांबवणार नाही.

आणि मित्रहो, त्यांच्याकडे बोट दाखवताना जरा दमानं. ऊस तुटल्यावर आपल्याकडे पाचट पेटवतात, तो धूरही कुणाच्या तरी घरात शिरतोच.