बांबू ज्याच्या अंगणातला, जबाबदारी त्याचीच

मा. संपादक यांस,


गेल्या अंकात व्हर्जिनियातील बांबूच्या नियमांविषयी एका वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. आपल्या मालकीच्या जागेत काय लावावे हे काउंटीने सांगू नये, शेजाऱ्याला त्रास होत असेल तर त्याने आपल्या बाजूला आलेला बांबू खुशाल तोडावा, आणि भारताने २०१७ मध्ये ज्या बांबूला कायद्याच्या कचाट्यातून सोडवले त्याच्यामागे इथे सरकार हात धुऊन का लागले आहे, असे त्यांचे म्हणणे. मी फेअरफॅक्स काउंटीत राहते. त्यांचा संताप प्रामाणिक आहे, पण यातला एकही मुद्दा मला पटला नाही. ‘शेजाऱ्याने खुशाल तोडावा’ हा तर मुळातच चुकीचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

इथल्या घरांमागे आडोशासाठी जो बांबू लावतात तो बहुतेक वेळा फायलोस्टॅकिस या प्रजातीतला असतो. पिवळ्या खोबणीचा आणि सोनेरी हे त्यातले दोन प्रकार सर्वांत जास्त दिसतात. हा बांबू एका जागी बेट करून राहत नाही. त्याचे खरे खोड जमिनीखाली आडवे पसरते, बहुधा वरच्या फूटभर मातीतूनच, आणि त्याच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षे वर फारसे काही दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग एखाद्या वसंतात कुंपणापलीकडच्या हिरवळीत, फरसबंदीच्या फटीतून, डेकच्या खालून कोंब वर येतात आणि दीड-दोन महिन्यांत पुऱ्या उंचीला पोचतात. पुढच्या वर्षी त्यांची उंची वाढत नाही, संख्या वाढते.

आता शेजाऱ्याने त्याच्या बाजूचे कोंब तोडले तर काय होते? बांबूचे बन वरून शंभर काठ्यांचे दिसले तरी जमिनीखाली ते बहुधा एकच झाड असते. पलीकडच्या काठ्यांची पाने ऊन खातात, अन्न तयार करतात, आणि ते अन्न खोडातून अलीकडच्या कोंबांना मिळत राहते. वरचे सगळे हिरवे वारंवार कापून खालचा साठा संपवणे हा बांबू मारण्याचा खात्रीचा उपाय आहे, पण तो संपूर्ण बनावर केला तरच लागू पडतो. अर्ध्या बनावर केला तर उरलेले अर्धे बन तोडलेल्या बाजूला पोसत राहते. वरच्या मजल्यावरचा नळ उघडा असताना खालच्याने छत पुसत बसावे, तसे हे आहे. आमच्या घरामागच्या घरी आधीच्या मालकांनी लावलेला बांबू दर एप्रिलमध्ये आमच्या भाजीच्या वाफ्यात डोके काढतो, आणि आम्ही तो दर एप्रिलमध्ये कापतो. तणनाशक मारायचे तर तेही त्याच खोडातून पलीकडे जाऊ शकते, मग त्यांचे झाड मेल्याचा ठपका आमच्यावर. मुळावर घाव घालण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर काही बंधन नाही, आणि ज्याला त्रास होतो त्याच्या हातात फक्त कात्री, हे न्यायाचे आहे का?

अमेरिकी न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये शेजारच्या पॉप्लरच्या मुळांच्या प्रकरणात सांगितले की मुळे तुमच्याकडे आली असतील तर तुम्हीच ती तोडा, झाडाच्या मालकावर दावा चालणार नाही. गेल्या अंकातल्या पत्रातला युक्तिवाद नेमका हाच आहे. पण व्हर्जिनिया तिथे थांबलेले नाही. २००७ मध्ये आमच्याच काउंटीतले एक प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन घरे लागून, एकाच्या स्वीटगमच्या मुळांनी दुसऱ्याची संरक्षक भिंत आणि पॅटिओ उचलला होता. न्यायालयाने म्हटले की झाडामुळे प्रत्यक्ष नुकसान होत असेल किंवा ते अगदी तोंडावर आले असेल, तर मालकाला जबाबदार धरता येईल. तत्त्व चांगले, पण ते बजावून घ्यायला वकील लागतो, तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि ज्याच्या तोंडाकडे रोज पाहायचे त्या शेजाऱ्यावर खटला भरण्याची तयारी लागते. आपली मराठी माणसे त्यापेक्षा गप्प बसणे पत्करतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

म्हणूनच काउंटीचा नियम हवा होता. व्हर्जिनियात काउंटीला राज्याने जेवढा अधिकार दिला तेवढाच वापरता येतो. तो अधिकार विधिमंडळाने २०१७ मध्ये दिला, आणि फेअरफॅक्सचा नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. तो नीट वाचला तर दिसेल की त्यात बांबू लावायला बंदी नाही, असलेला उपटायची सक्तीही नाही. तुमच्या जागेतला बांबू शेजाऱ्याच्या जागेत किंवा सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीत पसरू देऊ नका, एवढेच त्यात आहे. दंड पहिल्या वेळी ५० डॉलर, पुढे २०० डॉलर, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त ३,००० डॉलर. मालकी हक्कावर घाला तो कुठे आला? मालकी हक्क कुंपणापर्यंत असतो. शेजाऱ्याचाही तेवढाच असतो, आणि नियम त्याचाच हक्क राखतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. हा नियम फार उशिरा जागा होतो. शेजारी तक्रार करतो तेव्हा बांबू पलीकडे पोचलेला असतो, म्हणजे झाड लावून काही वर्षे झालेली असतात. तोवर लावणारा घर विकून गेलेला असतो आणि नोटीस नव्या मालकाच्या हातात पडते. त्याला खोडे खणून काढायची तर यंत्र आणावे लागते, आणि जमिनीत राहिलेला एखादा जिवंत तुकडासुद्धा पुन्हा फुटतो. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला हे झेपणारे नाही, आणि अशांना काउंटीने भरपूर मुदत द्यावी असे मला मनापासून वाटते. पण अशी वेळच येऊ नये यासाठी नियम बांबू लावण्याच्या क्षणाला हवा. कनेक्टिकटने तो २०१३ मध्येच केला. तिथे हद्दीपासून ४० फुटांच्या आत असा बांबू लावायचा तर तो अडवणारा अडसर किंवा जमिनीच्या वरची कुंडी लागते. पसरून नुकसान झाले तर शेजाऱ्याकडचा बांबू काढण्याच्या खर्चासह भरपाई लावणाऱ्याने द्यायची. आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकाला लेखी सांगायचे की हे झाड झपाट्याने पसरते. न्यू यॉर्क राज्य तर आणखी पुढे गेले. वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांच्या विक्रीवरच तिथे २०१५ पासून बंदी आहे. फेअरफॅक्सचा नियम विक्रेत्याला हात लावत नाही.

भारताच्या दाखल्याविषयी थोडक्यात. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होत असल्याने शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्यांच्या फेऱ्यात अडकावे लागे. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून काढला. ते योग्यच झाले, कारण प्रश्न शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा होता. शिवाय सिंधुदुर्गातला माणगा काय किंवा चंद्रपूर-गडचिरोलीतला मानवेल आणि कटांग काय, हे सगळे बेट करून राहणारे. त्यांच्या आठवणीवर विसंबून इथल्या रोपवाटिकेतून फायलोस्टॅकिस आणला की फसगत होते.

आडोसा हवाच असेल तर फार्जेसियासारखा बेट करणारा बांबू इथल्या थंडीतही तगतो. पसरणाराच लावायचा हट्ट असेल तर सुमारे अडीच फूट खोल जाड प्लॅस्टिकचा अडसर पुरावा आणि त्याची कड मातीच्या दोन इंच वर ठेवावी, म्हणजे वरून ओलांडू पाहणारी खोडे दिसतात आणि छाटता येतात. हे दरवर्षी पाहावे लागते.

विक्रेत्यावरची अट काउंटीच्या हातात नाही, ती रिचमंडला, राज्याच्या विधिमंडळातच व्हायला हवी. तेव्हा व्हर्जिनियातल्या वाचकांना विनंती, की आपापल्या डेलिगेटला आणि सिनेटरला पत्र लिहून कनेक्टिकटसारखी लेखी सूचना आणि हद्दीपासूनचे अंतर या दोनच गोष्टी मागाव्यात. अधिवेशन जानेवारीत सुरू होते, विधेयके त्याआधी तयार होतात. पत्रे दिवाळीच्या सुमारासच गेली पाहिजेत.

आपली,
एक वाचक,
फेअरफॅक्स काउंटी, व्हर्जिनिया