शेवटची बावीस मिनिटं

धारहून मांडूला जाताना शेवटी रस्ता एकदम काकडा खोहच्या दरीत उतरतो, आणि उतरल्याचा सगळा हिशेब लगेच वसूल करत दरवाज्यांकडे चढतो. ऑगस्टचा महिना होता, धुकं होतं, आणि मी सायकलवर होते. पुढे एक दूधवाले काका दोन कॅन लावलेली काळी सायकल उतरून ढकलत होते. मी त्यांना ओलांडलं. मनातून बरंही वाटलं, कारण गेल्या सीझनमध्ये मी मागे टाकलेली माणसं बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत.

वर चहाच्या टपरीवर मी दम खात बसले होते तेवढ्यात तेही पोचले. माझ्या सायकलचे जाड टायर त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिले, किंमत विचारली (मी थोडी कमी करून सांगितली), आणि हिचं करता काय असं विचारलं. डोंगरातल्या रेसमध्ये भाग घेते, असं मी सांगितलं. "जीतने पे कितना मिलता है?" मी म्हटलं, मी जिंकत नाही. भाग घ्यायला आम्हालाच पैसे भरावे लागतात. ते मनापासून हसले. "मतलब पैसे देकर हारते हो, दीदी?"

त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा अजिबात नव्हता. पण तो प्रश्न मी तिथून इंदूरला मावशीकडे आणि तिथून अवंतिका एक्स्प्रेसनं घरी घेऊन आले. आपल्या अंकासाठी 'काहीतरी लिही' असं मंडळानं सांगितलं तेव्हा ठरवलं की याचंच उत्तर लिहायचं.

आधी हा खेळ काय आहे ते थोडक्यात. क्रॉस-कंट्री माउंटन बाइक रेस म्हणजे डोंगरउतारावर, झाडीत, दगडधोंड्यांत आखलेला चार ते सहा किलोमीटरचा एक लॅप. तो ठरावीक वेळा मारायचा. मोठ्या स्पर्धांमध्ये पहिला स्वार साधारण दीड तासाच्या आसपास संपवेल अशा बेतानं लॅप ठरवतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्येही आहे. आपल्याकडे सायकल म्हटलं की मुंबई-पुणे शर्यत आणि 'घाटाचा राजा' आठवतो. पण तो सगळा डांबरी मामला. इथे डांबर नसतं. एका सायकलीपुरती पायवाट असते, तिला सिंगलट्रॅक म्हणतात. सगळे एकदम सुटतात आणि पहिल्या दोनतीनशे मीटरमध्ये जो मागे राहतो तो त्या पायवाटेच्या तोंडाशी, लोकलच्या दारात अडकावं तसा अडकतो. पुढचे तोवर दिसेनासे झालेले असतात.

या एका तासासाठी वर्ष जातं. पावसाळ्यात 'बेस', म्हणजे शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच आरामात, पण तासन्‌तास सायकल चालवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण स्वतःला हळू ठेवणं फार कठीण असतं. पाऊस ओसरला की इंटरव्हल्स : चार मिनिटं जीव जाईस्तोवर, तीन मिनिटं आराम, असं चार वेळा. मी वसईची, त्यामुळे माझा डोंगर म्हणजे तुंगारेश्वर. पहाटे साडेपाचला निघायचं, दोन चढ मारायचे, घरी येऊन चिखल धुवायचा आणि 8.50 च्या लेक्चरसाठी लोकल पकडायची. त्या लेक्चरला मी कशी बसलेली असते हे सरांना माहीत आहे. त्यांनी कधी विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रेस, त्याही जवळपास सगळ्या रविवारी सकाळी. म्हणून त्या चार महिन्यांत मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला असते. आमचे फादर आता मला पाहून "उद्या कुठे?" असंच विचारतात.

आता मूळ मुद्दा. गेल्या सीझनमधल्या दोन रेस सांगते.

पहिली डिसेंबरमधली. महिलांच्या गटात आम्ही तिघी होतो आणि मी तिसरी आले. म्हणजे शेवटची आले! पण तिसरीला मेडल होतं. फोटो निघाला, कॉलेजच्या नोटीस बोर्डवर लागला, पप्पांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता, दोन सोप्या उतारांवर मी उतरून चालत गेले होते. हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

दुसरी जानेवारीतली. गटात अकरा जणी, त्यातल्या काही राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या. चार लॅप. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सायकल चालवली. दगडांचा जो पट्टा मला आदल्या दिवशीच्या सरावात जमत नव्हता तो तिन्ही वेळा पाय न टेकता पार केला. तिन्ही लॅप जवळपास सारख्या वेळात, साडेपंचवीस मिनिटांच्या आसपास. आणि तिसरा लॅप संपायच्या थोडं आधी एका स्वयंसेवकानं झेंडा आडवा धरला आणि म्हणाला, "ताई, बस. तुम्ही बाहेर."

या खेळात ऐंशी टक्क्यांचा नियम असतो. पुढच्या स्वाराला पहिल्या लॅपला जितका वेळ लागला त्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त तुम्ही मागे पडलात की तुम्हाला थांबवतात. त्या दिवशी पहिल्या मुलीचा लॅप वीस मिनिटांचा होता. म्हणजे सोळा मिनिटांची मुभा. मी दर लॅपला साडेपाच मिनिटं मागे पडत होते. तीन लॅपचे साडेसोळा. अर्ध्या मिनिटानं माझा शेवटचा लॅप गेला. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे तीन अक्षरं होती : डीएनएफ. म्हणजे, हिनं रेस संपवली नाही. नोटीस बोर्डवर अर्थातच काही लागलं नाही.

मी संपवली नाही? मला संपवू दिली नाही, यात आणि त्यात फरक आहे की नाही? आपण साहित्याचे विद्यार्थी. न करणं आणि करू न देणं यातला फरक आपल्याला कळायला हवा.

नियमाची बाजू मला मान्य आहे. पायवाट अरुंद असते. मागच्या लॅपमधला दमलेला स्वार पुढच्याच्या वाटेत आला तर त्याची रेस बिघडते. अपघात होतात, आणि दमलेल्या माणसाकडून जास्त होतात. वळणावळणांवर उभे असलेले स्वयंसेवक सकाळी सहापासून उपाशी असतात. नंतरच्या गटाची वेळ झालेली असते. मोठ्या स्पर्धेत हा नियम हवाच, त्याबद्दल वाद नाही.

पण हौशी गटातही तो जसाच्या तसा का? मी थांबले नसते तर 102 मिनिटांनी पोचले असते, पहिली मुलगी 80 मिनिटांनी पोचली. फरक बावीस मिनिटांचा. तोवर पुढच्या बहुतेक जणी संपवून केळी खात बसल्या असत्या. मी कुणाच्या वाटेत येणार होते? आणि आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धा अशा प्रकारे थांबवलेल्या स्वाराला 'सोडून गेला' असं म्हणत नाहीत. ज्या क्रमानं बाहेर काढलं त्या क्रमानं निकालात नाव येतं आणि पुढे किती लॅप मागे ते लिहिलेलं असतं. आपण नियमातला कडकपणा तेवढा घेतला, त्यातली सभ्यता मात्र तिथेच ठेवली.

जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात असं आपल्याकडे म्हणतात. रेसच्या स्टार्टलाही तेच तिघे असतात. नवशांना राष्ट्रीय संघात जायचंय, नोकरीचा क्रीडा कोटा हवाय. त्यांच्यासाठी प्रत्येक सेकंद खरा आहे. गवशे फोटो काढून पहिल्या लॅपनंतर गायब होतात. उरतात हौशे. गंमत अशी की जत्रा हौशांच्या पैशांवर चालते. रेसचंही तसंच. नवशे चारपाच असतात, एंट्री फीचा मोठा भाग आमच्याकडून येतो. 'हौशी' या शब्दाला मात्र आपल्याकडे एक वास आहे. हौशी म्हणजे जमत नसणारा. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर'चं तेच झालंय, मुळात तो शब्द लॅटिनमधल्या 'प्रेम करणे' यावरून आला असला तरी.

मांडूला मी हाच विचार डोक्यात घेऊन फिरत होते. आमचे काका मूळचे देवासचे. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं, आणि दुसरा बाजीराव जन्मला तोही 1775 मध्ये धारच्या किल्ल्यात. त्यामुळे काका मांडूला 'मांडवगड'च म्हणतात, आणि आपल्या इंदुरी मराठीत तिथला इतिहास जणू घरातला असल्यासारखा सांगतात. संध्याकाळी रूपमतीच्या मंडपावर उभं राहून ते बाजबहादूरबद्दल बोलत होते. खाली निमाडचं मैदान, ढगांमुळे नर्मदा काही दिसली नाही.

बाजबहादूर हा माळव्याचा शेवटचा सुलतान, गाण्यात बुडालेला. 1561 मध्ये अकबराचा सरदार आधमखान चालून आला आणि सारंगपूरजवळ याचा पराभव झाला. मधे थोडा काळ राज्य परत मिळालं, पुन्हा गेलं, आणि शेवटी तो अकबराच्याच चाकरीत गेला. अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त दरबारातल्या गायक-वादकांची यादी आहे. तीत बाजबहादूरचं नाव आहे, आणि त्याच्या गाण्याची तारीफही. म्हणजे राजा म्हणून त्याच्यापुढे डीएनएफ, पण ज्या गोष्टीची हौस होती त्या यादीत तो सापडतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

ते फार वेळ टिकलं नाही. कारण मग काकांनी रूपमतीचं सांगितलं. तो पळाला, ती मागे राहिली, आणि कथा सांगते की आधमखानाच्या हाती लागण्यापेक्षा तिनं विष घेतलं. हौसेला मोल नाही म्हणतात. ते खोटं आहे. मोल असतं, फक्त अनेकदा ते दुसरंच कुणीतरी भरतं. माझी सायकल पप्पांच्या दोन वर्षांच्या ओव्हरटाइममधून आली. सकाळी मी डोंगरावर असते तेव्हा माझ्या वाटणीचं पाणी आई भरते. चहाच्या टपरीवरच्या काकांची सायकल रोज तोच चढ चढते आणि त्यांना कुणी स्वार म्हणत नाही. 'हौशांनाही मान द्या' असं मोठ्यानं म्हणण्याआधी हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं. मग मी स्वतःला एक नियम लावून घेतला : हौस माझी, तर हिशेबही माझा. या वर्षीची एंट्री फी मी ट्यूशन घेऊन भरतेय, आणि रेस नसेल त्या रविवारी पाणी मी भरते.

तरी माझी मागणी मी सोडत नाही, कारण ती फुकटाची नाहीये. रेस भरवणाऱ्यांना तीन गोष्टी सांगायच्यात. एक, हौशी गट वेगळ्या वेळी, शेवटी सोडा, म्हणजे कुणाच्या वाटेत कुणी येणार नाही. दोन, पहिला स्वार पोचल्यावर अर्ध्या तासाची मुदत जाहीर करा. त्यात बसेल त्याला शेवटचा लॅप मारू द्या. उशिरापर्यंत लागणाऱ्या स्वयंसेवकांत आमच्यातल्यांनाच उभं करा, मी पहिली येते. तीन, निकालात किती लॅप आणि किती वेळ ते छापा. मी तीन लॅप मारलेत, ते कागदावर दिसू द्या.

आणि आपल्या मंडळालाही एक. आपल्या कथास्पर्धेत तीन नंबर आणि दोन उत्तेजनार्थ जाहीर होतात. बाकीच्या कथांचं काय होतं? त्या कुणी शेवटपर्यंत वाचल्या का, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. दोन ओळींचा अभिप्राय परत पाठवला तर तो त्या कथेचा शेवटचा लॅप होईल.

संत पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा शर्यतीत बक्षीस एकालाच मिळतं याची आठवण देतो. पण आयुष्याच्या अखेरीस तिमथ्याला लिहिताना तो नंबराबद्दल बोलत नाही, धाव पुरी केल्याबद्दल बोलतो. मला ते दुसरं पत्र जास्त जवळचं वाटतं.

मांडूहून निघायच्या दिवशी मी पठारावरच्या मक्याच्या शेतांमधून एक लांब फेरी मारायला गेले. रात्री पाऊस झाला होता. आमच्याकडची तांबडी माती चाकाला लागते आणि सुटते, माळव्याची काळी माती मात्र चाक आणि फ्रेमच्या मधे अशी भरते की चाक फिरतच नाही. दर शंभर पावलांना काडीनं चिखल उकरत, उरलेली दोन किलोमीटर मी सायकल ढकलत आले. वाटेत तेच दूधवाले काका भेटले. या वेळी ते सायकलवर होते आणि मी पायी. त्यांनी सायकल थांबवली, माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि विचारलं, "आज भी पैसे दिए क्या?"

नव्हते दिले. पण दिले असते. नोव्हेंबरमध्ये पहिली रेस आहे, दर लॅपला वीस सेकंद जरी कमी झाले तरी मी त्या सोळा मिनिटांत बसते. नाही बसले आणि पुन्हा झेंडा आडवा आला, तर त्या स्वयंसेवकाला मी नम्रपणे एवढंच विचारणार आहे : दादा, फक्त बावीस मिनिटं. थांबता का?