‘तारीख पडली’ म्हणजे काय झालं?

गेल्या हिवाळ्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी चार आठवडे आमच्याबरोबर उमरीत राहिली. कॉलेजला इंटर्नशिपचं प्रमाणपत्र हवं होतं. तिच्या वर्गातल्या ज्यांना परवडलं त्या मुंबईला, नाहीतर खंडपीठाच्या मोठ्या वकिलांकडे गेल्या होत्या. हिची तिकडे कुणाशी ओळख नव्हती, म्हणून ही आमच्याकडे आली. खरं सांगायचं तर आम्हालाही ती नकोच होती. ही मुलं येतात, बायकांना तेच ते प्रश्न विचारतात, वही भरतात आणि जातात, असा आमचा आजवरचा अनुभव.

तिच्या हाती आम्ही पहिली पिशवी दिली ती पोटगीचा अर्ज केलेल्या एका बाईची. अर्जाला दीड वर्ष झालं होतं. दर तारखेला बाई रोज बुडवून गाडीनं नांदेडला जायची, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची आणि संध्याकाळी वकिलांचं एकच वाक्य घेऊन परतायची, ‘पुढची तारीख पडली.’ बाई मुलीला म्हणाली, “माय, ह्या कागदांत माझं काय लिव्हलंय, तेवढं वाचून दाव.”

मुलीनं कागद वाचले, मग कोर्टात जाऊन प्रकरणाचा रोजनामा पाहिला. नवऱ्यावर नोटीस एकदाही बजावली गेली नव्हती. तीन वेळा शेरा तोच : दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. नवरा कामासाठी निजामाबादला गेला होता. तिथला पत्ता बाईला तोंडपाठ होता. तिला तो कुणी विचारलाच नव्हता!

वकिलांनी विचारला नाही, हे सांगायला सोपं आहे. पण आम्हीही विचारला नव्हता. आम्ही मोर्चे काढले, ठाण्यावर बसलो, तिच्या सासरी बैठक घेतली. ‘तारीख पडली’ म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकीलाही सुचला नाही. या अंकात मला लिहायचं आहे ते आमच्या या चुकीबद्दल.

निजामाच्या राज्यात इथल्या कोर्टाचं काम उर्दूत चालायचं. आमच्या आज्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. 1998 साली महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली. तरीही बाईच्या पिशवीतला कागद तिच्यासाठी मुकाच राहिला आहे.

नागरी हक्कांचा लढा म्हटलं की आपल्याला मोठी प्रकरणं आठवतात. मथुरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना निर्दोष सोडल्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी शीला बारसे यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राला आदेश दिले. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, तिथे महिला पोलीस असाव्यात, आणि अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावावं, त्याला ते वाचून दाखवावं. मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या ठाण्यात हे पत्रक तुम्ही पाहिलं आहे का? आदेश दिल्लीत मिळतो. तो पाळला जातो की नाही, हे ठाण्यात जाऊनच पाहावं लागतं.

कागदावर आपल्याला बरंच मिळालेलं आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने (1987 चा, अंमल 1995 पासून) स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ असल्याची राज्य शासनाची अधिसूचना 1994 ची आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15अ आलं. त्यानुसार प्रत्येक सुनावणीची, आरोपीच्या जामीन अर्जाचीसुद्धा, वेळेवर खबर मिळणं हा पीडितेचा हक्क आहे. पण हा हक्क मागायचा तर तारखांवर आणि कागदांवर कुणाचा तरी रोज डोळा हवा. वकिलांना वेळ नसतो, आपल्याला सराव नसतो. कायदा शिकणाऱ्या मुलामुलींकडे दोन्ही असू शकतं.

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. मात्र एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. अडचण इथेच आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो, विद्यार्थिनी महिन्यात जाते. बाईनं जीव मोकळा करून सगळं सांगावं आणि सांगितलेलं दुसऱ्या दिवशी परगावी निघून जावं, हे पुन्हा व्हायला नको.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येक प्रकरणाची एक वही असेल. त्यात तारीख, त्या दिवशी काय झालं आणि पुढे काय करायचं, हे साध्या मराठीत लिहायचं. वही बाईची, ती तिच्याकडेच राहील. येणाऱ्या मुलीनं मागच्या मुलीची वही वाचूनच कामाला लागायचं, म्हणजे बाईला सगळं पुन्हा सांगावं लागणार नाही. विद्यार्थी वकील नसतो, तेव्हा सल्ला आणि युक्तिवाद वकिलांचाच. कॉलेजच्या अहवालात बाईचं किंवा गावाचं नाव येणार नाही. बलात्काराच्या प्रकरणात तर ओळख उघड करणं गुन्हाच आहे. आणि येणाऱ्या मुलीचं राहणं, जेवण, प्रवासखर्च आपण करायचा. नाहीतर शेतमजुराची मुलगी इकडेही येऊ शकणार नाही.

नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आहे, लातूरला दयानंद विधी महाविद्यालय आहे. आपल्या जवळच्या कॉलेजला पत्र लिहा, प्राध्यापकांना भेटा, ‘आमच्याकडे काम आहे’ असं सांगा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत कोर्टात प्रकरण असलेल्या प्रत्येकीला विचारा, मागच्या तारखेला काय झालं? उत्तर नुसतं ‘तारीख पडली’ असं आलं, तर काम तिथूनच सुरू करा.

त्या बाईच्या वकिलांनी नव्या पत्त्याचा अर्ज दिला आणि नोटीस बजावली गेली. पोटगी अजून मिळालेली नाही. पण आता आपण कशासाठी चाललो आहोत, हे ती स्टेशनवरच सोबतच्या बायकांना सांगते. दुसऱ्या एकीची पिशवीही परवा तिनंच आमच्याकडे आणून दिली.

तुमच्याकडचे अनुभव कळवा. पुढच्या अंकात छापू.