लहान्या का बोलत नाही

गोविंद निहलानींचा 'आक्रोश' 1980 सालचा. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर बायकोच्या, नागीच्या खुनाचा आरोप घेऊन कोर्टात उभा आहे आणि स्वतःच्या वकिलापाशीही तोंड उघडत नाही. ओम पुरींनी हा माणूस जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी उभा केला. नागीची अब्रू आणि जीव घेणारे गावातले प्रतिष्ठित, एकत्र बसून पत्ते खेळणारे. त्यांच्याविरुद्ध बोललो तर घरात उरलेल्यांचं काय होईल, हे लहान्याला वकिलापेक्षा नीट कळतं. शेवटी बापाच्या चितेपाशी तो कुऱ्हाड उचलतो ती आपल्याच बहिणीवर, तिच्या वाट्याला नागीचं मरण येऊ नये म्हणून. मगच त्याचा आवाज फुटतो.

पालघर जिल्ह्यातल्या सूर्यमाळच्या पठारावर हा सिनेमा आठवला की तो मला जुना वाटत नाही.

भात, नागली, वरई घरात आली की दिवाळीनंतर खोडाळा-मोखाडा भागातली कुटुंबंच्या कुटुंबं भांडीकुंडी बांधून निघतात. 'जगायला चाललो' म्हणतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या त्यांची वाट पाहत असतात. पावसाळ्यात आजारपणाला, सणाला, लग्नाला घेतलेली उचल आधीच अंगावर असते. भट्टीवर आठवड्याला हातात पडते ती खर्ची. खरा हिशेब पावसाच्या तोंडावर, शेठच्या वहीतून. किती विटा पाडल्या, किती फुटल्या, उचल किती फिटली, सगळं त्या वहीत. ज्याला ती वाचता येत नाही, त्यानं भांडायचं कशाच्या जोरावर? आणि भांडलाच, तर पुढच्या पावसाळ्यात उचल कोण देणार?

वेठबिगारी कायद्यानं 1976 मध्ये संपली. तरी 2021 मध्ये याच मोखाडा तालुक्यात एका मजुरानं जीव दिला, तेव्हा पुढे आलेली तक्रार अशी होती : मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपोटी त्याला मालकाकडे राबवून घेतलं जात होतं. पोलिसांनी वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला. पाचशे रुपये! शनिवारी धबधबे बघायला वर येणारी गाडी एवढ्याचं पेट्रोल येता-जाता जाळते.

इथला माणूस मुळातच मुका, सोसणारा, असं शहाणीसुरती माणसंही म्हणतात. मला ते ऐकवत नाही. याच जिल्ह्यात, तलासरीजवळच्या झरीला, 23 मे 1945 रोजी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जणांचा जीव घेतला, तरी वारल्यांचा मजुरीसाठीचा संप मोडला नाही. पाठीशी संघटना होती, म्हणून माणूस बोलला. लहान्या एकटा होता. भट्टीवर गेलेलं कुटुंबही एकटंच असतं.

राग आहेच. तो कुऱ्हाडीपर्यंत जाऊ द्यायचा नसेल, तर रोजगार हमीची कामं दिवाळीआधी काढा आणि मजुरी वेळेवर द्या. जे जातील त्यांची नोंद ग्रामपंचायतीत करा, उचलीचा आणि विटांचा हिशेब लेखी, मजुराच्या हातात द्या. तहसीलदार, ग्रामपंचायत अधिकारी, कामगार अधिकारी यांनी यंदा एवढं करावं.