लेसचा फंडा

बुटांवर पाच-सहा हजार उडवायला आपण एका पायावर तयार असतो. कुशन कसं आहे, सोल कुठला, रंग ट्रॅक पँटवर जातो का, सगळ्याची चिकित्सा होते. लेस मात्र दुकानात जशी ओवून मिळाली तशीच, बूट फाटेपर्यंत. शाळेत पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांबरोबर जे शिकलो, त्यानंतर या विषयात कुणी अपडेट झालेलंच नाही, बॉस!

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि पळण्याचं वेड पार आमच्या भायंदरपर्यंत आलं. जानेवारी जवळ आला की इंद्रलोकमध्येही भल्या पहाटे टी-शर्टवाली मंडळी दिसायला लागतात. पण मला हा लेसचा फंडा पळणाऱ्यांमुळे नाही, बाबांमुळे कळला.

बाबांना शुगर आहे. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. नवे बूट आले आणि आठवड्याभरात वॉक बंद! पंधरा मिनिटांत बोटांना मुंग्या येतात म्हणे. ‘आता वय झालं’ हे वर. वय कसलं? त्यांच्या पावलाचा वरचा भाग उंच आहे, आणि लेसची प्रत्येक फुली नेमकी त्या उंचवट्यावर करकचून बसत होती. मी मधल्या भागात फुली मारलीच नाही. दोन्ही बाजूंची लेस आपापल्या बाजूनेच वरच्या भोकात सरळ नेली आणि पुढे परत नेहमीसारखी फुली. उंचवट्यावर एक मोकळी खिडकी तयार झाली. दुसऱ्या दिवशी साहेब जेसल पार्कच्या खाडीपर्यंत जाऊन आले. तरी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलंच. शुगरवाल्यांच्या मुंग्या नसांमुळेही येऊ शकतात. बूट काढल्यावरही त्या थांबत नसतील, तर लेसशी खेळत बसू नका.

टाच आतल्या आत वर-खाली होते? स्पोर्ट्स शूजला अगदी वर, जरा मागे सरकलेलं एक जादा भोक असतं. ते कंपनीने शोसाठी पाडलेलं नाही. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, बारीकसा फासा ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता डावं टोक उजव्या फाशातून, उजवं डाव्यातून, ओढा आणि बांधा. टाच जागेवर. पाऊल पुढे घसरायचं थांबतं, त्यामुळे उतारावर अंगठ्याचं नख काळं पडण्याचा त्रासही बराच कमी होतो. पाऊल पुढे रुंद असेल तर सगळ्यात खालची भोकं रिकामी सोडा, बस्स.

लेस ओवायची सगळ्यात मजबूत पद्धत कुठली यावर चक्क गणित झालंय. बर्कार्ड पोल्स्टर या ऑस्ट्रेलियातल्या गणितज्ञाने २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये ते मांडलं. उत्तर काय, तर आपली नेहमीची फुली आणि सरळ आडव्या पट्ट्या! म्हणजे दुकानदार अगदीच चुकत नाही.

चुकते ती गाठ. लोकल पकडायला धावताना लेस सुटते ती उगाच नाही. २०१७ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी ट्रेडमिलवरचे बूट स्लो मोशनमध्ये शूट केले. पाऊल आदळताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट जोर बसतो, त्याने गाठ सैल होते. वर झुलणारी टोकं तिला ओढत राहतात. मग काही सेकंदांत खेळ खल्लास. निरगाठ मारली तर सुटणार नाही, पण रात्री कात्री शोधावी लागेल. आत्ता खाली बघा. लेसचं फूल बुटावर आडवं बसलंय की बोटांकडून घोट्याकडे उभं? उभं असेल तर तुमची सुरगाठ कच्ची आहे. पहिली गाठ मारताना उजवी लेस डावीवर टाकत असाल तर डावी उजवीवर टाका, पुढचं फूल नेहमीसारखंच. दोन-तीन दिवस हात गोंधळतो, नंतर जमतं.